लायटरची ठिणगी आणि रेणूंचा तराजू

गॅसची शेगडी बंद आहे याची खात्री करा, स्वयंपाकघरातला दिवा मालवा आणि लायटर नुसताच दाबा. टक्! टोकाशी निळसर ठिणगी उडते. आतली दांडी आणि बाहेरची कड यांच्यात तीन-एक मिलिमीटरचं अंतर असतं. कोरड्या हवेतून ठिणगी जायला मिलिमीटरमागे साधारण ३,००० व्होल्ट लागतात. म्हणजे तुमच्या अंगठ्याने आत्ता नऊ-दहा हजार व्होल्ट तयार केले. सेल नाही, वायर नाही, चार्जिंग नाही. आत सिरॅमिकचा एक चिमुकला तुकडा असतो. स्प्रिंगवरची हातोडी त्याच्यावर आपटते आणि त्याच्या दोन टोकांत क्षणभर विजेचा दाब उभा राहतो. काही स्फटिकांचा हा गुण पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली शोधला. आपण त्यावर रोज सकाळी चहा ठेवतो.

गोळीत औषध आहे की नुसतं पीठ, फळावर कुठल्या फवारणीचा अंश उरला आहे, हे सांगणाऱ्या यंत्रांच्या कामी अशाच फुकटच्या विजेला लावायचं, असा एक खटाटोप गेली काही वर्षं चालू आहे. त्याची गोष्ट सांगतो, पण आधी नाशिकला जाऊन येऊ.

२०१० साली युरोपला गेलेली आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशापायी अडकली. बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला, पेरं आखूड ठेवायला आणि डोळ्यात घड धरावा म्हणून ते वापरलं जायचं. म्हणजे घड काढणीला येण्याच्या कितीतरी महिने आधी! तरी अंश सापडला. युरोपातल्या मर्यादा किती बारीक असतात बघा. ज्या कीटकनाशकासाठी वेगळा आकडा ठरलेला नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा. दहा टन द्राक्षांचा हिशेब केला तर सगळं मिळून १०० मिलिग्रॅम, तापावर घेतो त्या ५०० च्या गोळीचा पाचवा भाग. तो पाचवा भाग दहा टनांत कालवायचा आणि मग मूठभर मण्यांतून शोधून काढायचा.

हे काम मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचा तराजू, करतो. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात या तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे, तिथे अशी यंत्रं आहेत. एका यंत्राची किंमत कोटींत. त्याला वातानुकूलित खोली हवी, अखंड वीज हवी, शुद्ध वायू हवा आणि हात बसलेला माणूस हवा. त्यामुळे यंत्र बागेत येत नाही, बागेतला नमुना यंत्राकडे जातो. तिथे तो दळला जातो, द्रावकात ढवळला जातो, गाळला जातो आणि रांगेत थांबतो. बांधावरच उत्तर मिळालं तर? निदान ‘संशय आहे, हा प्लॉट थांबवा’ एवढं तरी?

ते का अवघड आहे, हे कळायला या तराजूचा स्वभाव कळला पाहिजे. हा रेणूचं वजन सांगतो, पण पारड्यात ठेवून नाही. रेणूला विजेच्या किंवा चुंबकाच्या जोराने ढकलायचं, वळवायचं किंवा एका जागी गरागरा फिरवत ठेवायचं आणि तो कसा हलतो ते बघायचं. हलका चटकन वळतो, जड रेंगाळतो. त्यावरून वजन. गोम एवढीच की वीज आणि चुंबक यांची पकड फक्त विद्युतभार असलेल्या वस्तूवर बसते, आणि बहुतेक रेणूंवर भार नसतो. विहिरीत बादली आहे, रहाट आहे, दोर आहे, पण बादलीला कडीच नाही, तशी गत. जो भाग ही कडी बसवतो त्याला आयन स्रोत म्हणतात. भार मिळालेला रेणू म्हणजे आयन.

गंमत म्हणजे, आपल्याला छळणारं क्लोरमेक्वाट कडी घेऊनच जन्माला येतं. पाण्यात विरघळलं की क्लोराइड सुटून जातं आणि उरलेला भाग मुळातच धनभारित असतो, वजन १२२ (हायड्रोजनचा अणू १ धरला तर). त्यात क्लोरीनचा एक अणू आहे, आणि निसर्गात क्लोरीन दोन वजनांचा मिळतो, ३५ आणि ३७, साधारण तीनास एक या प्रमाणात. म्हणून यंत्राच्या पडद्यावर १२२ ला एक उंच शिखर दिसतं आणि दोन घरं सोडून, १२४ ला, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं बुटकं शिखर. थोरला आणि धाकटा भाऊ शेजारी उभे असल्यासारखी ही जोडी. जोडी दिसली की क्लोरीन आहे, एवढं डोळ्यांनीच कळतं. ही १२४ लक्षात ठेवा, पुढे ती घोळ घालणार आहे.

बाकीच्या रेणूंना कडी बसवायचा जुना मार्ग धसमुसळा होता. नमुन्याची वाफ करायची, ती निर्वात पेटीत सोडायची आणि तापलेल्या तारेतून निघालेल्या इलेक्ट्रॉनांचा मारा करायचा. त्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ७० इलेक्ट्रॉनव्होल्ट ठेवतात, जगभर तीच. मार बसला की रेणूचा एक इलेक्ट्रॉन उडतो आणि कडी बसते खरी, पण बऱ्याचदा बादलीच फुटते. तुकडे ओळखून मूळ रेणू ताडायचा. लहान, वाफ होणाऱ्या रेणूंसाठी ही पद्धत आजही उत्तम आहे. प्रथिनं किंवा मोठी औषधं मात्र वाफ व्हायच्या आधी जळून जातात.

त्यावर जॉन फेन यांनी जो तोडगा पक्का केला त्याचं नाव इलेक्ट्रोस्प्रे. बारीक नळीतून द्रावण सोडायचं, नळीला काही हजार व्होल्ट द्यायचे. टोकाशी थेंब गोल राहत नाही, सुळक्यासारखा ताणला जातो आणि सुळक्याच्या टोकातून भारित तुषार उडतात. तुषारातला द्रावक वाळतो, थेंब आक्रसतो, पण भार तेवढाच राहतो. विरार लोकलचा डबा धावता धावता लहान होत गेला आणि माणसं तेवढीच राहिली, तर जे होईल ते होतं: थेंब फुटतो. त्याची पिल्लं आणखी वाळतात, आणखी फुटतात, आणि शेवटी हवेत तरंगणारा, कडी बसलेला, अख्खा रेणू उरतो. फेन यांना २००२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, वयाच्या ८५ व्या वर्षी. इलेक्ट्रोस्प्रेची खरी किमया माझ्या मते वेगळीच आहे. कडी बसवायचं काम निर्वात पेटीच्या बाहेर, साध्या हवेत आलं. एकदा ते बाहेर आलं म्हटल्यावर लोकांनी त्याच्याशी खेळायला सुरुवात केली.

खेळणाऱ्यांत अग्रणी म्हणजे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले ग्रॅहॅम कुक्स. त्यांच्या गटाने २००४ साली भारित तुषारांचा फवारा थेट वस्तूवर मारला. गोळी असो, पान असो, बोटाचा ठसा असो, पृष्ठभागावरचे रेणू तुषारांबरोबर उसळून यंत्रात गेले. दळणं-गाळणं काही नाही. पुढच्याच वर्षी ‘डार्ट’ नावाची पद्धत आली. तिच्यात उत्तेजित हीलियमचा झोत वापरतात. नोट, गोळी, सालपट काहीही त्या झोतात धरा, सेकंदात उत्तर. पण हीलियम महाग आणि सिलिंडर जड. बांधावर हीलियमचं सिलिंडर कोण नेणार?

२०१० साली कुक्स आणि झेंग ओयांग यांच्या गटाने कागदाने हे कोडं सोडवलं. पद्धतीचं नाव पेपर स्प्रे. ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा वाचताना ‘बस, एवढंच?’ असं वाटतं.

प्रयोगशाळेतला गाळण कागद घ्यायचा. कात्रीने सेंटिमीटरभर उंचीचा निमुळता त्रिकोण कापायचा. त्यावर नमुना टिपायचा: रक्ताचा थेंब, सिरपचा थेंब, किंवा त्याच कागदाने द्राक्षाचा मणी पुसून घ्यायचा. वाळू द्यायचा. त्रिकोणाचा पाया छोट्या धातूच्या चिमट्यात पकडायचा आणि टोक यंत्राच्या तोंडापासून अर्ध्या सेंटिमीटरवर धरायचं. मग मिथेनॉल-पाण्याचे दहा-एक मायक्रोलिटर टाकायचे, म्हणजे जेमतेम एक बारका थेंब. कागद ओला होतो, द्रावक नमुन्यातले रेणू विरघळवत टोकाकडे झिरपतो. चिमट्याला तीन ते पाच हजार व्होल्ट द्यायचे. भार नेहमी टोकाशी गोळा होतो, देवळाच्या कळसावर वीज-रोधकाची सळई टोकदार असते त्याच कारणाने. कागदाच्या अणकुचीतून तुषार उडू लागतात आणि पडद्यावर शिखरं उभी राहतात. मिनिटात काम संपतं. रक्तातल्या पेशी, सालपटाचा चोथा असा बराच गाळ कागदातच अडकून राहतो, म्हणजे गाळणी आणि फवारणी एकाच तुकड्यात उरकते. त्रिकोण कचऱ्यात, पुढचा नमुना नव्या त्रिकोणावर.

मग कागदच कशाला, असं म्हणत लोकांनी काय काय लावून पाहिलं! हाँगकाँगच्या एका गटाने २०११ मध्ये लाकडी टूथपिकच्या टोकातून फवारा काढला. पर्ड्यूच्याच मंडळींनी झाडाचं पान टोकदार कापून त्याच्या स्वतःच्या रसाचा फवारा केला. पान हाच नमुना आणि पान हीच नळी.

आता पुन्हा लायटरकडे. चार-पाच हजार व्होल्ट म्हटलं की आपल्याला रस्त्याकडेचा ट्रान्सफॉर्मर आणि त्यावरची कवटीची पाटी आठवते. पण व्होल्ट म्हणजे नुसता दाब. किती वीज वाहते ते वेगळं. इलेक्ट्रोस्प्रेमधून वाहणारा प्रवाह अँपिअरच्या दशलक्षाव्या भागाइतका, बऱ्याचदा त्याहूनही कमी. ४,००० व्होल्ट गुणिले एक मायक्रोअँपिअर: चार मिलिवॅट. टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सवरचा लाल ठिपका याहून जास्त वीज खातो. तेव्हा हा दाब उभा करायला भिंतीतला प्लग लागत नाही. लायटरच्या तत्त्वावरचे हातात मावणारे स्रोत प्रयोगशाळांनी बनवून पाहिले आहेत. स्वयंपाकघरी लायटरचं हे भाग्य एकाच शाखेत उजळलं असंही नाही. अमेरिकेतल्याच जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या साद भामला यांच्या गटाने २०२० मध्ये लायटरच्या आतला तुकडा वापरून जिवाणूंच्या पेशीत डीएनए घुसवणारं २३ सेंटचं उपकरण केलं. मास स्पेक्ट्रोमीटरसाठी मात्र एक अडचण आहे. ठिणगी नको असते. ठिणगी म्हणजे सगळा भार एका फटक्यात वाया, शिवाय रेणूही भाजतो. इथे वीज हळूच, टोकावरून ठिबकल्यासारखी यायला हवी. म्हणून टोक, अंतर आणि हाताचा दाब यांचं गणित जमवावं लागतं.

जॉर्जिया टेकमध्येच २०१७ साली फाकुंदो फर्नांडिस आणि झाँग लिन वांग यांच्या गटांनी घर्षणाची वीज वापरली. थंडीत लोकरीचा स्वेटर डोक्यातून काढताना जी चरचर होते, तीच. प्लास्टिकचं आणि धातूचं असे दोन थर एकमेकांवर घासायचे किंवा आपटायचे, की काही हजार व्होल्ट मिळतात. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट स्वस्ताईची नाही. दर घासणीला ठरावीकच भार निघतो. प्लगला जोडलेला स्रोत नळासारखा वाहत राहतो आणि मधल्या वेळात नमुना वाया घालवतो. हा मात्र हातपंपासारखा: एक दांडा, एक भांडं. नमुना अगदी थोडा असेल तेव्हा हे फार मोलाचं.

आणि चेन्नईत, आयआयटी मद्रासमध्ये, थलप्पिल प्रदीप यांच्या गटाने कुक्स यांच्याबरोबर २०१४ साली याहून वेगळा विचार केला. दाब वाढवण्यापेक्षा टोकच अणकुचीदार केलं तर? त्यांनी कागदावर कार्बनच्या नॅनोनळ्यांचा लेप दिला. एकेक नळी केसाच्या हजारो पट बारीक. इतक्या सूक्ष्म टोकांशी विजेचं क्षेत्र आपोआप प्रचंड होतं आणि काम ३ व्होल्टमध्ये भागतं. तीन व्होल्ट म्हणजे रिमोटमधले दोन पेन्सिल सेल.

दुसरी एक वाट फवाऱ्याची नाही, प्लाझ्माची, म्हणजे विजेने भारित झालेल्या वायूची आहे. तिथे रेणूला थेट वीज लागतच नाही. हवेत सूक्ष्म विद्युत-विसर्ग घडवला की आधी नायट्रोजन भारित होतो, तो आपला भार हवेतल्या बाष्पाला देतो, आणि पाण्याचे भारित पुंजके तयार होतात. त्यांच्याकडे एक जादा प्रोटॉन, म्हणजे धनभारित हायड्रोजन, असतो आणि तो ते भेटेल त्या जास्त हावऱ्या रेणूला देऊन टाकतात. हावरे कोण? प्रामुख्याने ज्यांच्यात नायट्रोजनचा अणू मोकळा बसला आहे ते: निकोटीन, कोकेन, पुष्कळशी औषधं. म्हणून अमली पदार्थ हुडकायला ही पद्धत अगदी सोयीची. साखर मात्र आधी हवेत उडायलाच तयार नसते. पर्ड्यूने २००८ मध्ये केलेल्या अशा प्लाझ्माच्या नळीखाली बोट धरलं तरी भाजत नाही, आणि ती हीलियमऐवजी साध्या हवेवरही चालते. मेक्सिकोतल्या एका संशोधन संस्थेने २०१६ मध्ये तशीच नळी थ्रीडी प्रिंटरवर काढता येईल असा आराखडा खुला केला.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की आता खिशातला मास स्पेक्ट्रोमीटर आलाच. नाही आला. स्वस्त झालं ते दार, म्हणजे आयन स्रोत. घर, म्हणजे आतला तराजू, अजून महागच आहे. हवेत एखादा रेणू जेमतेम ७० नॅनोमीटर सरळ जातो आणि दुसऱ्याला धडकतो. केसाच्या जाडीएवढ्या अंतरात हजारभर धडका. अशा गर्दीत वजन कसलं करता? म्हणून तराजूचा आतला भाग निर्वात ठेवावा लागतो, आणि निर्वात म्हणजे पंप, पंप म्हणजे वजन, आवाज आणि बॅटरीचा खड्डा. (पंपाची कटकट नसलेली एक जागा आहे. १४ नोव्हेंबर २००८ रोजी चांद्रयान-१ मधून सुटलेल्या आघातक कुपीत ‘चेस’ नावाचा मास स्पेक्ट्रोमीटर होता. चंद्रावर निर्वात फुकट.)

यातही एक सुंदर युक्ती आहे. दार सतत उघडं ठेवलं तर हवा आत येतच राहते आणि पंप मोठा लागतो. मग दार उघडं ठेवायचंच कशाला? पर्ड्यूच्या गटाने २००८ मध्ये आत जाणारी रबरी नळी चिमटीत धरली, सलाइनची नळी चाकाने दाबतात ना, तशी. चिमटी सेकंदाच्या एक-दोन शतांशांपुरती सुटते, मूठभर आयन आत येऊन सापळ्यात अडकतात, चिमटी बंद. पुढचा बराच वेळ छोटा पंप दम खात हवा उपसतो, आणि आत पुरेशी शांतता झाली की वजनं. याआधी त्यांच्याच ‘मिनी १०’ यंत्राचं वजन १० किलोपर्यंत उतरलं होतं. एका हाताने उचलता येतं, खिशात मावत नाही.

दुसरी अडचण मला पंपापेक्षा मोठी वाटते. प्रयोगशाळेत नमुना यंत्रात शिरण्याआधी लांब नळीतून जातो, एकेक घटक वेगळा होऊन आपापल्या वेळी बाहेर येतो. कागदाच्या त्रिकोणावर सगळे एकदम दाराशी येतात. धक्काबुक्की होते. ज्याला भार चटकन मिळतो तो पुढे घुसतो आणि ज्याला आपण शोधतो तो मागे राहतो. यंत्र म्हणतं ‘नाही’, आणि असतो तर तो गर्दीत. शिवाय आकड्यांचे जुळे. खोकल्याच्या सिरपमध्ये विषारी डायएथिलीन ग्लायकोल शोधायचं आहे. त्याचं वजन १०६, नायट्रोजन नाही, म्हणून ते बऱ्याचदा अमोनियम या धनभारित आयनाला (१८) धरून येतं: १२४. क्लोरमेक्वाटचा धाकटा भाऊही १२४! नुसत्या आकड्यावर निकाल दिला तर पंचाईत. म्हणून तो आयन आत पकडून फोडतात. क्लोरमेक्वाट फुटलं की ५८ चा तुकडा पडतो, ग्लायकोल तसं फुटूच शकत नाही. ही फोडायची सोय छोट्या यंत्रात असलीच पाहिजे, तिथे काटकसर नको. आणि ‘किती आहे’ हे सांगायचं तर त्याच रेणूचा जड हायड्रोजन घातलेला भाऊ मोजून मिसळावा लागतो, म्हणजे गर्दीत दोघांनाही सारखेच धक्के बसतात आणि गुणोत्तर खरं राहतं.

तरी पहिली चाळणी म्हणून या स्रोतांचं मोल मोठं आहे. या शतकाच्या सुरुवातीला आग्नेय आशियात मलेरियावरच्या आर्टेसुनेटच्या खोट्या गोळ्यांचा सुळसुळाट झाला होता. पुडकं हुबेहूब, चकाकता शिक्काही हुबेहूब. अशा गोळ्या फर्नांडिस यांच्या प्रयोगशाळेत थेट फवाऱ्याखाली धरून तपासल्या गेल्या. आर्टेसुनेट ३८४, सोडियमचे २३ धरून ४०७. तिथे शिखर नाही आणि १५२ ला उभं असेल, तर ते पॅरासिटामॉल. खोट्या गोळ्यांत ते सापडलंही. ताप उतरतो, घरच्यांना वाटतं औषध लागू पडलं, आणि मलेरिया आत तसाच. मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल निघालं. १४ रुग्ण दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. पिंप उघडताना तिथेच एक थेंब तपासायची सोय तेव्हा कुणाकडे नव्हती. न्यायालयात टिकेल असा पुरावा कागदाचा त्रिकोण आजही देणार नाही. त्यासाठी मांजरीसारख्या ठिकाणीच जावं लागेल. पण शंभर पिंपांतली कुठली दोन तिकडे पाठवायची, एवढं तो सांगू शकतो.

एक बारीकशी गोष्ट राहिली. हे काम करणारे लोक पहिला त्रिकोण कोराच चालवतात, नमुन्याशिवाय, आणि कागद चिमट्याने उचलतात. बोटांवर काय काय असतं, ते पडद्यावर दिसतं म्हणून. भाजी करून आलेला हात असेल तर ३६९ ला हळदीतलं कर्क्युमिन. आणि सकाळी लायटर दाबून चहाच्या डब्यात बोटं घातली असतील, तर १९५ ला कॅफीन.